सहाचाकी घ्यायची की दोनपोटी?

आमच्या पिकअपच्या नाक्यावर किस्से सांगायला मुद्दाम कोणी बसत नाही, ते आपोआप साठतात. वाडीच्या मागे नारळाची सोडणं साठतात ना, तसे. कोणी आणून टाकत नाही, कोणी उचलत नाही, आणि एक दिवस बघावं तर हा ढीग! माझा दादा गेला तेव्हा लोक भेटायला यायचे, जरा वेळ मान खाली घालून बसायचे, आणि मग हळूच, "तुला तो सिमेंटचा किस्सा ठाऊक हाय का?" म्हणून सुरू व्हायचे. आत रडारड चाललेली आणि ओटीच्या कोपऱ्यात चार ड्रायव्हर तोंडावर रुमाल धरून हसतायत! वहिनीसुद्धा एकदा हसली. मग आणखी रडली.

दादा म्हणजे सुधीर. नाक्यावर सुध्या. श्रीवर्धनच्या पाखाड्यांमधून, त्या अरुंद गल्ल्यांमधून, पिकअप चालवायचा. सुपारी, नारळ, बर्फ, सिमेंट, लग्नाच्या खुर्च्या, जे येईल ते. मी धाकटा, नित्या. आठवीतून शाळा सोडून त्याच्या शेजारच्या सीटवर बसलो तो बसलोच. एका दुपारी दादा जेवता जेवता छातीला हात लावून आडवा झाला आणि उठला नाही. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. त्याबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही. मध्येच शिव्या देतो नाहीतर उठून जातो. म्हणून त्याचे किस्से सांगतो.

पण आधी भानगड सांगतो. दादाच्या पाठोपाठ त्याची पिकअपही गेली. इंजिन खोललं तेव्हा मेकॅनिकने हातच जोडले. नवी गाडी घेणं भाग होतं. एक होती छोटी पिकअप, गॅस आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी. दुसरी सहाचाकी ट्रक. छोटी घेतली तर काम इथलंच, पाखाडीतलं. सहाचाकी घेतली तर माणगाव, हायवे, पार मुंबईपर्यंत! आणि दादा गेली कितीतरी वर्षं जेवताना एकच सांगायचा, "पुढची गाडी सहाचाकी!"

वहिनी म्हणाली, "चालवणार तू, ठरव तू. पण सुपारी उतरायच्या आधी ठरव."

मला ठरवायला वेळ लागत नाही. मी भात कालवता कालवता ठरवलं. सहाचाकी! दादाचं मागे काही राहायला नको.

*

आमची पाखाडी म्हणजे दोन बाजूंना चिऱ्याच्या बुटक्या भिंती, म्हणजे गडगे, आणि मध्ये एक गाडी. चिंचेच्या वळणावर तर आरसेसुद्धा मिटून घ्यावे लागतात. विहिरीपाशी काय ती थोडी रुंद जागा. समोरून दुसरी गाडी आली तर नियम एकच, तो कुठे लिहिलेला नाही पण पोराटोरांना पाठ आहे. भरलेल्या गाडीला वाट द्यायची. रिकामीने मागे जायचं.

एकदा दादा नारळ भरून निघालेला. समोर मुंबईची मोठी पांढरी गाडी, बीच शोधत पाखाडीत घुसलेली. चालवणाऱ्याने काच खाली केली आणि हात हलवला, मागे घे म्हणून.

दादा उतरला. "साहेब, आमच्याकडे भरलेल्या गाडीला वाट देतात."

"अरे, आमची पण भरलेलीच आहे! सहा माणसं आहेत!"

दादाने आत वाकून सगळ्यांकडे नीट बघितलं. म्हणाला, "व्हय. पण माणसं उतरून चालतात. नारळ चालत न्हायत!"

आतल्या बायका एवढ्या हसल्या की खरंच उतरल्या. साहेबाला काही रिव्हर्स जमेना. मग दादाच त्यांच्या गाडीत बसला आणि एका दमात ती पाखाडीच्या तोंडापर्यंत मागे नेली, गडग्याला ओरखडा न लावता. साहेब म्हणाला, "भाऊ, पुढे बघत पण असंच चालवता?"

दादा म्हणाला, "पुढे बघायची वेळच कुठे येते!"

*

आता चाचांचा तो सिमेंटचा किस्सा. रशीदचाचा आमच्या नाक्यावर वयाने सगळ्यात मोठे. कुवेतला वीस वर्षं ट्रेलर चालवून आलेले, आता त्यांचीही पिकअप आहे. त्यांचा एक रुबाब होता. "कुवेतमधी मी भरलेली गाडी कधी मागे घेतली नाय. अल्ला कसम, मरेपर्यंत घेणार नाय!"

पाखाडीचा नियम भरलेली आणि रिकामी असेल तर चालतो. दोन्ही भरलेल्या असल्या तर? एके दिवशी तसंच झालं. दादा आतून नारळ भरून बाहेर निघालेला, चाचा बाहेरून सिमेंट भरून आत निघालेले. विहिरीच्या अलीकडे दोघं नाकाला नाक!

"सुध्या, मागे घे."

"चाचा, माझी पण भरलेली हाय."

"मी बुजुर्ग आहे."

"म्हणून तर सांगतो, अनुभव तुमचा जास्त. तुम्ही घ्या!"

दोघांनी इंजिनं बंद केली. वाडीतून चहा आला. मग पोहे आले. चाचा नमाज पढून आले. दादाने एक झोप काढली. सायकलवाले गडग्यावरून सायकली उचलून नेऊ लागले. शेवटी दादाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्याने सिमेंटची गोणी उचलली आणि सरळ आपल्या पिकअपच्या हौद्यात टाकली. चाचा क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी दादाचे नारळ उचलायला घेतले.

दोघांनी घाम गाळून माल बदलला. सिमेंट दादाच्या गाडीत, नारळ चाचांच्या गाडीत. मग दादा उलटा आत गेला, सिमेंट पोचलं. चाचा उलटे बाहेर गेले, नारळ पोचले. दोन्ही गाड्या मागे गेल्या आणि दोन्ही माल पुढे!

नाक्यावर पोरांनी चाचांना धरलं. "काय चाचा, घेतलीत ना भरलेली गाडी मागे?"

चाचा शांतपणे म्हणाले, "नारळ कुणाचे होते? सुध्याचे! म्हणजे मागे कोण गेला? सुध्या!"

आणि दादा पलीकडून ओरडला, "सिमेंट कुणाचं होतं ते पण सांगा!"

*

मोठं वादळ आलं त्या वर्षी आमच्याकडच्या वाड्या आडव्या झाल्या. घरांवर पत्रे राहिले नाहीत. बाहेरगावाहून पत्रे आणि पाणी घेऊन ट्रक आले, पण आत कसे जाणार? डांबरी रस्त्यावरच उभे. त्यात घाटावरचा एक सहाचाकीवाला होता, मिशा अशा की आरशात मावायच्या नाहीत. दादाची पिकअप बघून तो हसला. "या खेळण्यात काय नेणार रे?"

"तुमचा ट्रक," दादा म्हणाला. "थोडा थोडा करून!"

आणि नेला! आम्ही पुढे झाडं तोडत चालायचो, मागून दादा. जाताना भरलेला, येताना रिव्हर्समध्ये, कारण वळायला जागाच नव्हती. अंधार पडायच्या आत सहाचाकीचा तळ दिसायला लागला. मिशावाला आमच्या ओटीवर बसून भात आणि सुकटाची चटणी जेवला आणि म्हणाला, "भाऊ, खेळणं विकणार का?"

तो निघाला तेव्हा दादा रस्त्यात उभा राहून त्या सहाचाकीचे मागचे दिवे दिसेनासे होईपर्यंत बघत होता. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "नित्या, पुढची गाडी अशी!"

मला काय वाटणार? मी ते पक्कं धरून ठेवलं.

*

दादाच्या माल बांधायच्या दोराची तर वेगळीच गंमत. काथ्याचा जाडजूड दोर, आणि त्याला दोन लाल चिंध्या बांधलेल्या, एकमेकींपासून लांब. दादाचा माल कधी कलंडला नाही. टायर पंक्चर व्हायचा तोही घराजवळ. झालं! नाक्यावर कुणीतरी म्हणालं, "सुध्याच्या चिंध्यांत काहीतरी हाय."

आठ दिवसांत सगळ्या दोरांना लाल चिंध्या! कुणी बायकोची जुनी साडी फाडली, कुणी पोरीची रिबीन पळवली. एकाने तर चपलेच्या पट्ट्यालाही बांधली. चाचा सगळ्यांवर हसत होते. "आपल्याला हे चालत नाय. कसली अंधश्रद्धा!" दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोराला हिरवी चिंधी!

"चाचा, हे काय?"

"दोर ओळखायला."

मग एकाने दादाला गाठून विचारलं, "सुध्या, चिंधीचा काही नेम पाळायचा असतो का?"

दादाने अगदी गंभीर तोंड केलं. "बुधवारी मासळी खायची न्हाय."

आमच्याकडे बुधवारी मासळी नाही म्हणजे काय शिक्षा आहे ते कोकणातल्या माणसाला विचारा! तरी अख्ख्या नाक्याने पाळलं. त्या बुधवारी बाजारात पापलेटांना गिऱ्हाईक नव्हतं, आणि आमच्या घरी दोन्ही वेळा पापलेट!

मी विचारलं, "दादा, खरं सांग, कशासाठी बांधल्यास?"

"जेव," तो म्हणाला. "काटा बघून."

*

तर सहाचाकी. मी ठरवलेलं, तरी नाक्याने चर्चा केलीच. ती गॅस-पेट्रोलची छोटी पिकअप, तिला कुणीतरी हायब्रिड म्हणालं. शोरूमवाले तसं म्हणतात की नाही देव जाणे, पण नाक्यावर नाव पडलं. चाचांनी तेही बदललं. "एका पोटात गॅस, दुसऱ्यात पेट्रोल. दोनपोटी म्हणा!"

पाखाडीच्या आतल्या टोकाला दामलेकाकूंची सुपारीची वाडी. त्यांचा सगळा माल दादाच न्यायचा. त्यांना सांगायला गेलो, तर हायब्रिड शब्द ऐकूनच त्यांनी हात झटकले. "नको रे बाबा! माझा हायब्रिड माड होता. बुटका, लवकर लागला, उभ्या उभ्या नारळ काढा. आणि वादळात पहिला तोच पडला!"

"म्हणूनच काकू, मी सहाचाकी घेतोय!"

काकू सुपारी कातरत होत्या, अडकित्ता थांबला. "घे की. छान दिसेल. मग माझी सुपारी न्यायला तेवढं हेलिकॉप्टर पाठव."

माझं डोकं सटकलं. मी ओरडलो, "दादाचं स्वप्न होतं ते! तुमच्या सुपारीसाठी मी जन्मभर उलटा चालवत बसू?" मी तरातरा फाटकापर्यंत गेलो. मागून आवाज आला, "चहा टाकलाय. भांडण पिऊन झाल्यावर कर."

प्यायलो. भांडण काही परत जमलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने माणगाव. आमच्यात जुन्या गाडीचं काहीतरी नव्या गाडीत ठेवतात. म्हणून मी दादाचा दोर खांद्यावर टाकून शोरूमला गेलो. काचेचं दार, थंडगार हवा, चकचकीत फरशी, आणि मी खांद्यावर काथ्याचा दोर घेऊन!

सेल्समन टाय लावलेला तरुण पोरगा. दोराकडे बघून त्याचा चेहरा खुलला. "अरे! तुम्ही दोरवाल्या दादांचे कोण?"

"कोण दोरवाले दादा?"

"श्रीवर्धनचे. दर वर्षी यायचे ना! सहाचाकीपुढे उभे राहायचे, दोराचं एक टोक मला धरायला लावायचे. चिंधी या बाजूला, चिंधी त्या बाजूला. मग मान हलवायचे आणि म्हणायचे, रंग आवडला नाही."

"मग?"

"मग काय, आम्ही पांढरी दाखवली, निळी दाखवली. एकदा तर मॅनेजर म्हणाले, तुम्हीच सांगा कुठला रंग हवा, मागवून देतो. तर म्हणाले, बघतो आणि सांगतो. आणि बसून आमचा चहा पिऊन, ट्रकच्या बोनेटवर हात फिरवून गेले."

मला आठवलं. दादा माणगावहून यायचा, हातपाय धुवायचा. वहिनी विचारायची, "काय झालं गाडीचं?" "रंग आवडला न्हाय." आणि वहिनी म्हणायची, "गाडी घ्यायची की साडी?"

मी म्हणालो, "धर टोक."

त्याने सवयीने धरलं. एक चिंधी ट्रकच्या डाव्या कडेला. दुसरी चिंधी उजव्या कडेपर्यंत पोचलीच नाही. चांगला हातभर ट्रक बाहेर राहिला. मी तो दोर बघत राहिलो आणि माझ्या डोळ्यांपुढे दोन गडगे आले. चिंचेचं वळण! एक चिंधी या गडग्याला, एक त्या. इतकी वर्षं त्या दोराने मी माल बांधला, रोज त्या वळणावर हात बाहेर काढून आरसा मिटला, आणि मला कळलं नाही.

मग दोनपोटीपुढे दोर धरला. आरसे मिटून बसली. शिवाय चार बोटं जागा उरली.

मी त्या फरशीवर बसलो आणि मोठ्याने रडलो. एक कुटुंब पेढ्यांचा पुडा घेऊन गाडी न्यायला आलेलं, ते घाबरून बाजूला झालं. पोरगा धावत पाणी घेऊन आला. दादा गेल्याचं त्याला मी तेव्हा सांगितलं. तो पण माझ्याबरोबर खाली बसला, टायसकट. बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, "मग सर, सहाचाकीचं काय करायचं?"

मी नाक पुसलं. "रंग आवडला न्हाय!"

*

नाक्यावर येऊन मी चिंध्यांचं खरं सांगितलं. प्रत्येकाचा हात आपापल्या दोराकडे गेला. चिंधी सोडली मात्र कुणीच नाही.

चाचा म्हणाले, "ते ठीक आहे. पण मग माझा टायर एवढे दिवस पंक्चर का नाय झाला?"

"हिरवीचं वेगळं असेल, चाचा."

तेवढ्यात एकाची ट्यूब पेटली. "थांब, थांब! म्हणजे ती बुधवारची मासळी..."

मी मान हलवली. आणि अख्खा नाका वर आभाळाकडे बघून एका आवाजात ओरडला, "सुध्याऽऽऽ!" पुढे जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. पण इतक्या मायेने दिलेल्या शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत.

*

गाडी आली. वहिनीने ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. सुपारी उतरायला लागली होती. मी पहिली फेरी दामलेकाकूंकडे काढली. हौदा रिकामा, धुतलेला, नव्या रंगाचा वास येणारा. शेजारच्या सीटवर दादाचा दोर. तो मी मागे टाकला नव्हता. का, ते मला विचारू नका.

चिंचेच्या वळणावर आरसे मिटले. गेली! ना इकडे घासली, ना तिकडे. मी एकटाच ओरडलो आत. पुढे गेलो तर समोरून रशीदचाचा. सुपारीची पोती टपाच्या वरपर्यंत रचलेली, गाडी दबून चाललेली. त्यांच्या मागे एक रिक्षा.

नियम तो नियम. मी रिकामा. रिव्हर्स टाकला आणि मान मागे वळवली. त्या वळणातून नवी गाडी उलटी काढायची, आणि दादा शेजारी नाही.

चाचांनी हॉर्न दिला. हात बाहेर काढून म्हणाले, "थांब."

ते खाली उतरले. माझ्या गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. हौद्यात डोकावले. मग खिडकीशी येऊन शेजारच्या सीटवरच्या दोराकडे बघितलं, त्या दोन लाल चिंध्यांकडे. बराच वेळ बघितलं. डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. आणि त्यांनी रिव्हर्स टाकला!

मी अर्धा बाहेर आलो. "चाचा! काय करताय? तुमची भरलेली हाय! मी घेतो मागे, माझी रिकामी हाय!"

चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान मागे वळवली, पोत्यांचा तो डोंगर घेऊन विहिरीच्या दिशेने गाडी इंच इंच मागे न्यायला लागले, आणि माझ्या गाडीकडे बोट दाखवून मागच्या रिक्षावाल्यावर खेकसले,

"ए, मागे हो! दिसत नाय काय? भरलेल्या गाडीला वाट दे!"